वैनीचा कीबोर्ड

दुकानदार झिलूने दोन्ही कीबोर्ड काउंटरवर मांडले आणि लक्ष्मणाकडे बघून विचारले, "सांगा मालक, कुठला बांधू?"

यमुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर घरच्या कॉम्प्युटरसमोर बसणार ती. रामनगरातल्या ट्रकवाल्यांची बिले, लग्नाच्या पत्रिका, जोयड्याच्या कचेरीत द्यायचे अर्ज टाइप करून बोटे झिजवणार ती. आणि मालक कोण, तर हा धाकटा दीर! दिवेलागण झाली की ह्याने खुर्ची बळकवायची आणि जेवायला हाक येईपर्यंत मोटारींची शर्यत खेळायची. त्या यंत्राशी त्याचा संबंध एवढाच. नाही म्हणायला परवा आणखी एकदा आला होता.

परवा खंडेनवमी होती. कोयता, कुदळ, ट्रकचा जॅक अशी घरातली सगळी हत्यारे ओळीने मांडली, त्यांत कॉम्प्युटरही आला. यमुनेने कीबोर्डावर प्लॅस्टिक घातले होते. लक्ष्मणाने ते ओढून काढले. हत्याराला झाकून कुठे पूजा करतात का, म्हणाला. मग एकेका बटणावर हळद-कुंकू, वर मूठभर अक्षता, आणि नारळ फोडून त्याचे पाणी असे सढळ हाताने शिंपडले, जणू तिथे भाताचा तरवा टाकलाय. यमुना नको नको म्हणत होती. सासू म्हणाली, "देवाच्या कामात तोंड घालू नगंस."

आज सकाळी एक बटण दाबले की तीन अक्षरे उमटू लागली आणि निम्मी बटणे खाली बसली ती उठेचनात. तर हा पठ्ठ्या शेजाऱ्यांना सांगत सुटला, देवाच्या पाण्याने कधी काही बिघडते काय, वैनीच फार बडवतात! चोर तो चोर, वर शिरजोर.

"ह्यो काळा द्या," लक्ष्मण आता झिलूला म्हणत होता. त्याची बोटे तेवढ्या चार बाणांच्या बटणांवरून फिरत होती. "कसा मऊ हाय बघा. गाडी अशी झपकन वळती."

"आणि टायपिंग?" यमुनेने विचारले.

"टायपिंगचं काय वैनी, ते कशावर बी हुतंय."

झिलू हसला. यमुना हसली नाही. "दुकानातल्या कॉम्प्युटरला लावा," म्हणाली. झिलूने कुरकुरत काळा कीबोर्ड जोडून दिला.

उद्या पहिल्या जीपने डोंगरातून येसाजी म्हातारा येणार होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची जोयड्याला तारीख होती, जमिनीची. अर्ज तयार ठेवते म्हणून यमुनेने शब्द दिला होता. तिने त्याचेच नाव, गाव टाइप केले, रोजच्या हाताने, रोजच्या वेगाने. पडद्यावर निम्मीच अक्षरे आली. बटणे खाली जात ती सावकाश, आळोखेपिळोखे देत वर येत.

"जरा दमानं दाबा की अक्का," झिलू म्हणाला.

"दमानं दाबलं तर मोडणार बी न्हाई," लक्ष्मणाने री ओढली.

यमुनेने दुसऱ्या कीबोर्डाकडे बोट दाखवले. तो मळकट पांढरा, उखळासारखा जड. तो जोडल्यावर तिने पुन्हा तेच टाइप केले. खटखट असा आवाज झाला की बाहेर चहा पीत उभे असलेले दोन ट्रकवाले वळून बघायला लागले. पण अक्षर न् अक्षर आले. येसाजी आला, त्याचा बाप आला, गाव आले.

"ह्यो बांधा," ती म्हणाली.

"वैनी, ह्यो नगो. केवढा आवाज! घरात झोप लागायची न्हाई."

"दिसाउजेडी घरात झोपतंय कोण? तुमीच की."

ट्रकवाले खिदळले. लक्ष्मणाचे कान लाल झाले. झिलूचा हात खोक्यावर अडकला होता आणि नजर अजून लक्ष्मणाकडेच होती.

"ऱ्हाऊ द्या दोनी," लक्ष्मण म्हणाला. "दादा गोव्यास्नं येऊ दे ट्रक घिऊन, मग त्योच ठरवंल. दोन दिस टायपिंग न्हाई झालं म्हणून काय आभाळ कोसळतंय?"

मग मात्र यमुनेने आवाज आवरला नाही. सासरी आल्यापासून दिराला ती इतक्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. पण राग आला होता आणि तो खरा होता.

"तुमची खेळातली गाडी उलटली की दुसरी येती, भावजी. म्हाताऱ्याचा अर्ज चुकला तर त्याचं शेत जातंय. ते काय दुसरं येतंय?" मग ती झिलूवर उलटली. "आणि तुमी त्यांच्या तोंडाकडं काय बघताय? मी सांगतोय न्हवं, बांधा म्हणून! अन् आधीचा कशानं बिघडला म्हणून कुणी इचारलं तर सांगा, नारळाचं पाणी पाजलं ह्यांनी त्याला. मी न्हाई बडवला."

झिलूने मान खाली घालून पांढरा कीबोर्ड खोक्यात घातला आणि सुतळी गुंडाळायला लागला. एकाएकी त्याला सुतळीची गाठ मारणे फार अवघड काम वाटू लागले होते. बाहेर एक ट्रकवाला म्हणाला, "बराबर हाय वैनीचं." लक्ष्मण भिंतीवरच्या रेडिओंकडे बघत उभा राहिला.

यमुनेने कनवटीची पिशवी सोडून पैसे दिले, खोके काखेत मारले आणि पायरी उतरली. मागून लक्ष्मण आला. दोन्ही बाजूंनी मिशी फुटलेला तो बाप्या रस्त्यात थांबला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मग म्या खेळायचं कुटं?"

यमुनेने मागे वळूनही बघितले नाही.

"अंगणात."