अजून फुगीर

"अजून फुगीर!" मापयंत्रावरून भिंग उचलून दातारसाहेबांनी ते तिसऱ्यांदा परत केलं, तसं वत्सलाताईंचं डोकंच फिरलं. बावीस वर्षं त्या भिंगं घासत होत्या. आणि हे साहेब दर वेळी भिंग मुठीत धरून आधी अचूकतेवर भाषण झोडायचे, मगच मापायचे. भाषणही दर खेपेला लांबत चाललं होतं.

चडफडत त्यांनी भिंग पुन्हा घासून आणलं. साहेब फोनवर होते, म्हणून ते तासभर टेबलावरच पडून राहिलं.

"अहो, आता तर चपटं झालं हे!" फोन ठेवून, या वेळी भाषणाविनाच माप घेऊन साहेब ओरडले.

वत्सलाताईंनी भिंगाला बोट लावलं. गार होतं.

"साहेब, काच उबेनं फुगते. भिंग पहिल्याच दिवशी बरोबर होतं. तेव्हापासून मी तुमच्या मुठीची ऊब घासतेय!"