सगळ्यांत मोठी थाप

"माझ्या मामाच्या मिशा एवढ्या लांब, की मामी त्यांवर लुगडी वाळत घालायची!" लेखक आजोबांनी ठोकून दिलं आणि चौथीचा वर्ग खिदळला. पोरांना लिहायची गोडी लागावी म्हणून वर्गशिक्षिका वैजयंताबाईंनीच आजोबांना गळ घालून शाळेत आणलं होतं.

"आता याहून मोठी थाप तुम्ही लिहा पाहू," आजोबा म्हणाले.

एरवी फळ्यावरचं उतरवून घेणारी पोरं वह्यांवर तुटून पडली. सुगंधानं पहिला हात वर केला आणि खणखणीत वाचलं, "आमच्या बाई आम्हाला रोज शिकवतात."

वर्ग गडाबडा लोळला. आजोबाही हसले.

मतदारयाद्यांच्या सरकारी कामापायी वर्ग बुडतो, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण पोरीनं पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं वाक्य लिहिलं होतं. त्यांनी तिची पाठ थोपटली. उद्यापासून पुन्हा निवडणुकीचं काम आहे, हे सांगायला मात्र जीभ रेटेना.