पिवळा टिळा

खालच्या मैदानात पोरांच्या कपाळावरचे हळदीचे टिळे एकेक करून लाल व्हायला लागले, तशा गॅलऱ्यांमधून हाका सुरू झाल्या.

"वेदांग, लाल झालाय! चल वर!"

ऊन थोपवायला आभाळात चुना फवारायला लागल्यापासून नागपुरात हे रोजचंच. चुना खाली उतरला की हळद लाल होते, आणि हळद लाल झाली की मूल घरात.

शलाकाची रेणू मात्र अजून खेळत होती. टिळा पिवळाधम्मक.

"तुमची लेक पितळेची आहे का हो?" शेजारच्या धनवटेकाकूंनी विचारलं. "आमचा नातू बघा, आला खोकत."

शलाका नुसती हसली. एरवी साध्या शिंकेलाही डॉक्टर गाठणारी ती, या एका बाबतीत निर्धास्त होती. रेणूला चुना बाधतच नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. पोरगी खातेही शहाण्यासारखं. हल्ली लिंबाची फोड स्वतःहून मागून घेते.

दिवेलागणीला रेणू धापा टाकत वर आली. "आई, बघ, अजून पिवळाच!"

"गुणाची गं माझी!" शलाकानं तिला जवळ ओढून टिळ्यावरच पापा घेतला.

ओठ आंबट झाले. आंबट लागलं की लाल हळद पुन्हा पिवळी होते, हे शलाका कधीकाळी शाळेत शिकली होती.

"सगळे लवकर जातात ना," रेणू हळूच म्हणाली, "मग झोका माझ्या एकटीचा."

शलाकानं तिच्या छातीला कान लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती.