मांजराचं माप

कातरीचं टोक गोळीवर टेकलं. कट्. दोन तुकडे. मग चार. मग शिंपीणबाईंनी श्वास रोखला आणि त्यातल्या एका तुकड्याची कड हलकेच उडवली. मोहरीएवढा कण.

"झालं माप."

कापडाच्या ताग्याआड त्यांची मांजरी गुंडी कान खाजवत होती. कानामागची कातडी लालभडक, आणि पांढरे केस उडून थेट वकीलबाईंनी शिवायला टाकलेल्या काळ्या कोटावर. कोट आजच द्यायचा होता.

"संध्याकाळपर्यंत हिचं खाजवणं थांबलं नाही तर पिशवीत घालून लांब सोडून येतो," नवरा म्हणाला. बटण लावता लावता. मान वर न करता.

"थांबेल. माझं नाक चोंदतं, अंगाला खाज सुटते, तेव्हा मी हीच गोळी घेते. मला एक, तर हिला एवढीशी. मोठ्याच्या मापावरून लहानाचं बेततोच ना आपण?"

"मग दे की एकदाची!"

दुधातून द्यायची की नुसतीच, एवढंच विचारायला बाईंनी जनावरांच्या डॉक्टरणीला फोन लावला.

"पाकिटावरचं वाचा बघू," डॉक्टरीण म्हणाली. बाईंनी अडखळत वाचलं.

"थांबा! यात नाक मोकळं करायचं औषध मिसळलंय. मांजराचं काळीज धावत सुटेल. झटके येतील. जीवसुद्धा जाईल."

"अहो, पण कणभरच..."

"कणभरही नको."

"मी बेतून घेतलंय! माझं माप आजवर चुकलेलं नाही."

"बाई, मांजर म्हणजे लहान मापाचा माणूस नव्हे. घेऊन या तिला. मी बघितल्याशिवाय साधी गोळीही द्यायची नाही."

फोन बंद. बाईंनी कण आणि तुकडे कागदात गुंडाळले आणि कागद डबीत कोंबून झाकण गच्च लावलं. वरमल्या? छे. वरमायला वेळ कुठे होता! त्यांनी चिंध्यांची टोपली रिकामी केली आणि गुंडीला उचलून आत ठेवलं.

"कुठे निघालीस? वकीलबाई येतील आता!"

"येऊ देत."

"गिऱ्हाईक हातचं जाईल!"

"जाऊ दे."

"अगं, एका मांजरापायी?"

"अहो, पिशवीत घालून सोडायचंच असेल तर मलाही सोडा. मी येईपर्यंत तेवढी मोठी पिशवी शिवून ठेवा."

बाईंनी काळा कोट खांद्यावर टाकला, टोपली कमरेवर घेतली, आणि दारातच वकीलबाई समोर आल्या.

"माझा कोट?"

"एक बाही टाचायचीय. गाडी आणलीत ना? चला."

"कुठे?"

"बसा तर खरं."

जनावरांच्या दवाखान्यात, दोन धापा टाकणारी कुत्री आणि एक चिडका पोपट यांच्या मधोमध वकीलबाई हात पसरून उभ्या होत्या. अंगात एका बाहीचा कोट. शिंपीणबाईंच्या ओठांत टाचण्या, पायांमध्ये घट्ट धरलेली टोपली. कमरेच्या पिशवीतला फोन वाजत होता. थांबत होता. पुन्हा वाजत होता.

"तुमचे यजमान असतील. उचला की," वकीलबाई म्हणाल्या.

"वाजू दे," टाचण्यांच्या फटीतून उत्तर आलं. "तुम्ही हात खाली घेऊ नका. आमचा नंबर यायचाय अजून."