खूळवाडी, दोन किलोमीटर

मूळवाडीच्या सरपंच हौसाबाई ढेकळे हायवेवरच्या नव्याकोऱ्या पाटीखाली उभ्या राहून रंगवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. पठ्ठ्याने फोनवर काय ऐकलं कोण जाणे, पण पाटीवर ठसठशीत झळकत होतं : ‘खूळवाडी २ किमी’.

त्यांनी रस्त्याच्या कचेरीत अर्ज दिला, खेटे घातले. ‘‘बघतो,’’ म्हणून साहेब चहा मागवायचे. आसपासची गावं खदखदून हसत होती. हौसाबाईंना तालुक्याच्या बैठकीत तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

मग हायवेवरच्या गाड्या थांबायला लागल्या. लोक पाटीखाली फोटो काढायचे, हौसेने गावात यायचे आणि मिसळ हाणून जायचे. बायकांच्या बचत गटाचं बंद पडत आलेलं हॉटेल असं काही चाललं, की बसायला जागा मिळेना.

अशात एका सकाळी साहेब स्वतः दुरुस्त पाटी घेऊन हजर झाले. बघतात तर हौसाबाई जुन्या पाटीच्या खांबाला मिठी मारून बसलेल्या.

‘‘खबरदार हात लावाल तर!’’

‘‘अहो, अर्ज तुमचाच ना? खूळ लागलंय का तुम्हाला?’’

हौसाबाईंनी बोट वर केलं.

‘‘पाटी वाचता येत नाही का, साहेब?’’