खडूची घसरगुंडी

बाबांचं सिमेंटचं गोदाम आता रिकामं होतं. लेकीने फरशीभर खडूने रेघा मारल्या. "इथे घसरगुंडी, तिथे रंगीत चेंडूंचा हौद, कडेला दमलेल्या आयांसाठी बाकडी. खाली सगळ्या मऊ गाद्या. आणि तिकीट इतकं कमी, की तीन पोरांची आईसुद्धा दारातून परत जायची नाही." बोलता बोलता ती हौदाला वळसा घालून चालत होती, जणू चेंडू पायाखाली येतील.

"हवेत इमले बांधतेस," उभा जन्म खरीखुरी घरं बांधलेले बाबा म्हणाले. "जागा द्यायची की नाही, बघून सांगतो."

काठी टेकत ते खडूच्या दारापाशी आले. थांबले. चपला काढून रेघेबाहेर नीट जोडून ठेवल्या.

"मला घेशील खेळायला? लिंबूटिंबू म्हणून?"