बोरकुंडीतलं बारसं

फौजदारानं टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाला, "संपलं. आता मी पुन्हा यायचा नाही. साक्षीदारच नाही, तर केस उभी कशी राहणार? सोमवारी तुमचा तो पेपरवाला आकाराम सुटतोय."

बोरकुंडीच्या लोकांना आधी खरंच वाटेना. पावसाळ्यापासून हा माणूस आटपाडीहून जीप घेऊन येत होता आणि एकच विचारत होता. गावावरचा तलाव फुटणार, ही बातमी सांगलीच्या पेपरवाल्याला कुणी दिली? बांधाला भेग गेल्याचं पाटबंधारे कचेरीला ठाऊक होतं, पण ते कचेरीतच ठेवायचं होतं. म्हणजे सरकारी गुपित. त्यात आणीबाणी. आता बघा गंमत! तलाव फुटला, अख्खं गाव वाहून गेलं, तो गुन्हा नव्हे. फुटणार हे आधी छापलं, तो गुन्हा.

बातमी देणाऱ्याचं नाव गावात सगळ्यांना माहीत होतं. चांदसाहेब मुलाणी, तलावावरचा सरकारी ओव्हरसियर. त्यानं भेगेचं आधी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, गप्प बस. तो बसला नाही. सांगलीला जाऊन त्यानं आकारामला सांगितलं, आणि आकारामनं सेन्सॉरला न दाखवता आपल्या साप्ताहिकात पहिल्या पानावर छापलं. तो अंक चांदसाहेबानंच सायकलवरून आणून पारावर टाकला. नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. छापून आलं होतं म्हणून गाव हाललं. गुरंढोरं घेऊन माळावर गेलं. आणि तिथंच, खाली आपलं घर वाहून जात असताना, गावातली एक सून, शालू, बाळंत झाली.

तेव्हापासून आकाराम तुरुंगात होता आणि छापखान्याला सील होतं. मार खाऊनही तो एवढंच म्हणायचा, "बातमी माझी हाय. नाव माझंच छापलंय." आणि गाव? गावानं तोंडाला टाके घातले होते. अंक कुणी आणला? वाऱ्यानं आणला, साहेब. फौजदारानं शिव्या घातल्या, दोघाचौघांना चावडीवर बसवून ठेवलं, तरी हूं नाही की चूं नाही. चांदसाहेब आटपाडीच्या ऑफिसात खाली मान घालून काम करत होता.

फौजदार आला त्याच दिवशी शालूच्या पोराचं बारसं होतं. बाराव्याला करायचं तर घर होतं कुठं? आत्ता कुठं डोक्यावर पत्रे आले होते.

"आवं फौजदारसाब, असं कोरड्या तोंडानं जाऊ नगा," शालूची नणंद राहीबाई म्हणाली. "घुगऱ्या तरी खावा."

कालपर्यंत तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. पण बारशाच्या घरातून वैरीसुद्धा घुगऱ्या खाल्ल्याशिवाय जात नाही. शिवाय आज त्यानं बातमीच तशी आणली होती. आकाराम सुटणार, चांदसाहेब वाचला. माणसं लय दिवसांनी मोकळी हसत होती. फौजदार घोंगडीवर टेकला. त्याच्यापुढं घुगऱ्यांची वाटी आली.

आत पाळणा सजला. नाव ठेवायचा मान आत्याचा. राहीबाई वाकली, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि हळूच नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत दणादण बुक्क्या घातल्या.

"आगं, मोठ्यानं सांग की! आमी काय बहिऱ्या हाय व्हय?"

राहीबाई हसत हसत सरळ झाली. माळावर शालूच्या उशाला तीच बसली होती. पोरगं जगलं कुणामुळं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! ऊर भरून आला तिचा, आणि तिनं नाव सांगितलं.

"चांदसाहेब!"

बायका हसल्या. मग एकेकीनं बाहेरच्या घोंगडीकडं पाहिलं. बाहेर फौजदाराचा घास तोंडातच थांबला होता.

"मराठ्याच्या घरात चांदसाहेब?" तो म्हणाला. "पिराचा नवस का, बाई?"

"व्हय व्हय, पिराचाच," राहीबाई म्हणाली.

"कुठल्या पिराचा?"

बिचारीला खोटं बोलायची सवय नव्हती. जत्रेचं एकच गाव तिच्या तोंडात आलं. "म्हसवडच्या."

"म्हसवडला सिद्धनाथ आहे, बाई," फौजदार शांतपणे म्हणाला. "तुमचा चांदसाहेब आटपाडीच्या ऑफिसात बसतोय."

त्यानं उरलेल्या घुगऱ्या संपवल्या. हात धुतला. जाताना पोराच्या मुठीत रुपया ठेवला, रीत मोडली नाही. साक्षीदार नाही, केस संपली, हे तो खरं बोलला होता की तो फौजदारी कावा होता, हे गावाला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चांदसाहेबाला ऑफिसातून बेड्या घालून नेलं. राहीबाई त्याच्या बायकोच्या, जरिनाच्या, पायावर पडायला आटपाडीला गेली. जरिनानं तिला उठवलं आणि म्हणाली, "तुमी तर मायेनंच ठेवलंसा नाव." त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आकाराम खरंच सोमवारी सुटला. आता पोलिसांना त्याचं काय काम होतं? हवा होता तो बातमी देणारा. सील निघालं, छापखाना चालू झाला. पण त्याच्या दारात बातमी घेऊन पुन्हा कुणी आलं नाही. तो लग्नपत्रिका छापू लागला. शालूच्या पोराला सगळे बाळ्याच म्हणत राहिले. पाळण्यातलं नाव घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात पलीकडच्या वाडीचा तलाव फुटला. माणसं झोपेतच गेली. बांधाला भेग गेलीय हे तिथल्या ओव्हरसियरला आधीच ठाऊक होतं. चांदसाहेबाचं काय झालं, तेही त्याला ठाऊक होतं.